फयावरचं दिसत नाही

चि. बाईस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "सगळं मस्त आहे आप्पा" एवढंच म्हणतेस आणि आईकडे द्यायला सांगतेस, म्हणून लिहायला बसलो. भाऊवर चिडू नकोस, पोळ्याच्या रात्री मीच त्याला खोदून खोदून विचारलं. मागच्या बाकावरून तू म्हणालीस, "सर, फयावरचं दिसत नाही," आणि फळ्याला फया म्हटलं म्हणून वर्ग हसला. तेव्हापासून वर्गात तोंड उघडलं नाहीस म्हणे.

त्यावर मी काही बोलणार नाही. तू मोठी झालीस.

कामाचं तेवढं लिहितो. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस. जर्नलवर त्या त्या आठवड्यातच सही घे, साठवून ठेवलंस तर शेवटी सरांच्या मागे फिरावं लागतं. लायब्ररीचं कार्ड काढलंस का? जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर आत्ताच चाळून बघ, परीक्षेच्या आदल्या रात्री नको. बिबड्या सादळल्या असतील तर मेसच्या मावशींकडून भाजून घे, आणि एकटी खाऊ नकोस, खोलीतल्या दोघींना दे. होस्टेलवर कोणी त्रास दिला तर रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे. १८००-१८०-५५२२ हा नंबर चोवीस तास चालतो, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. नुसतं हसणं म्हणजे रॅगिंग नव्हे, कळतं मला. पण गप्प राहायची एकदा सवय लागली की माणूस... बघ, पुन्हा तिथंच आलो.

हे तुला कधी सांगितलं नाही. आजीला माहीत आहे, आईला अर्धं. १९९३ साली मी जळगावला एफवायला होतो. विद्यापीठही नवंच होतं, १९९० ला पुण्यापासून वेगळं झालेलं. बारावीपर्यंत आमचे सर इंग्रजी पुस्तक मराठीतून शिकवायचे, तिथे सगळंच इंग्रजी. प्रॅक्टिकलला सरांनी व्हर्निअर हातात देऊन लीस्ट काउंट विचारला, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप. मला येत होता. ०.०१ सेंटिमीटर. मराठीत तोंडावर होता, बाहेर निघेना. शेजारच्या पोरानं सांगून टाकला. कोणी हसलंसुद्धा नाही. तरी मी दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या टेबलावर, मग दाराजवळ, मग स्टँडवर बसायला लागलो. टर्म ग्रँट झाली नाही, परीक्षेला बसता आलं नाही. तुझे आजोबा एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे लाइट आली तशी मला केळीत पाणी भरायला घेऊन गेले.

काल माळ्यावरून ते जर्नल काढलं. खाकी कव्हर उंदरांनी कुरतडलंय. पहिल्या प्रयोगावर लाल सही आहे. तिसऱ्याची आकृती काढलेली, खाली निरीक्षणाचे रकाने पट्टीनं आखलेले, आणि सगळे कोरे.

म्हणून सांगतो, विचारत जा. वर्गात जमलं नाही तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन विचार. कोण कसं बोलतं हे बघत बसू नकोस. आजी तर म्हणते, "फयाले फया नाही तं काय म्हनता ते?" मी लेक्चर द्यायला लागलो, माफ कर माय. मला कोणता अधिकार? पण सोसायटीत कोणी विचारलं की मी तुझ्या कॉलेजचं नाव पूर्ण सांगतो, अर्धं नाही.

खालच्या वावरात केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आलाय. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटायचंच, नाहीतर मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो. दीडशे झाडं गेली. फीचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याचा विचार तू करायचा नाहीस. दिवाळीच्या गाडीचं रिझर्व्हेशन भाऊ करतोय. त्याच्या आधी यावंसं वाटलं तर... ये. नाही, सांगून ये.

इथवर लिहिलं आणि आईनं वाचायला घेतलं. ती म्हणाली, पोरीला फळा दिसत नाही, आणि तुम्ही चार पानं बोलण्यावर लिहिली. खरंच की. दहावीलाही तू डोळे बारीक करून वाचायचीस. या रविवारी डोळे तपासून घे, चष्म्याचे पैसे उद्या टाकतो. आणि तोवर पुढच्या बाकावर बस.

तुझे आप्पा