आप्पांची खुर्ची तासू देऊ नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, दिवाळीआधी पॉलिशवाला येतोय, आप्पांची आरामखुर्ची घासून नव्यासारखी करून देणार आहे. तेव्हा घाईत "बरं" म्हटलं, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता, लोकांची जुनी लाकडं घरात कशाला भरतेस? इथे न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत गुस्ताव्ह स्टिकली या जुन्या अमेरिकन फर्निचरवाल्याचं ओंडक्यांचं घर आहे, आता त्याचं म्युझियम झालंय. पहिल्यांदा तिथे गेले आणि एका टेबलापाशीच थांबले. आडव्या फळीचं टोक पायातून आरपार बाहेर आलेलं आणि त्यात लाकडी पाचर ठोकलेली. जोड लपवायचा नाही, उलट तोच नक्षीसारखा दिसू द्यायचा. हातकामाचा मान राखा म्हणणाऱ्या विल्यम मॉरिस या इंग्रज कलाकाराच्या विचारांनी भारावलेला माणूस तो. १९१५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, पण त्याच्या कारखान्यातल्या खुर्च्या अजून डुगडुगत नाहीत.

त्यांचा रंग कसा आणत, ते ऐका. ओकच्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते अमोनियाने गडद होतं. तयार वस्तू बंद खोलीत ठेवायची आणि सोबत कडक अमोनियाची भांडी उघडी ठेवायची. वाफ लाकडात शिरते आणि लाकूडच तपकिरी होतं. वरून नुसता रंग फासलेला नसतो.

हे मला उशिरा कळलं. माझी पहिली खरेदी म्हणजे एक झुलती खुर्ची. मळकट वाटली म्हणून तिचा उजवा हात पॉलिश पेपरने घासत बसले. दोन तासांत शंभर वर्षांचा रंग गेला, खाली फिकट लाकूड उघडं पडलं. खूप रडले मी त्या दिवशी. नंतर कितीतरी रंग लावून पाहिले, मेळ बसला नाही. ती खुर्ची मी विकलेली नाही. दोन हात दोन रंगांचे, तशीच खिडकीशी ठेवलीय.

आप्पांच्या सागवानाला कुणी अमोनिया दिला नाही. त्याचा रंग पडवीतल्या उन्हाने आणि लाखेच्या जुन्या पॉलिशने आलाय. आणि उजव्या हातावर ती काळसर, गुळगुळीत जागा आहे ना, जिथे ते अडकित्ता ठेवायचे? त्याच्या टोकाचा बारीक ओरखडाही आहे तिथे. पॉलिशवाला सगळ्यात आधी तेच खरवडून काढील.

वेत तुटलाय तो जरूर विणून घ्या, वेत बदलायचाच असतो. मागचा पाय हलत असेल तर सांधा उघडून सरस भरायला सांगा, खिळा मारू देऊ नका. आई, तू फक्त जुन्या सुती साडीच्या फडक्याने कोरडं पुसत जा. आणि बाबा, गुडघ्यामुळे तिच्यातून उठवत नसेल तर पायांखाली लाकडी ठोकळे करून घ्या, चार बोटं उंची पुरेल.

पॉलिशवाल्याला आगाऊ पैसे दिले असतील तर त्याच्याकडून दारं-खिडक्यांना पॉलिश करून घ्या. मी शनिवारी सकाळी फोन करते, तोवर त्याला थांबवा.

तुमची लेक