तो सॅक्सोफोन त्याचा नव्हता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश पॉपगायक जॉर्ज मायकलवर अर्धं पान आलं होतं. 25 डिसेंबरला तो गेला, त्यामुळे नाताळच्या आठवड्यात त्याची आठवण निघते, हे आता दरवर्षीचंच. फोटो छान होता. पण मजकुरात त्याच्या 'केअरलेस व्हिस्पर' या गाण्यातला सॅक्सोफोन त्यानेच वाजवला असं ठोकून दिलं होतं, आणि तिथे माझा चहा थांबला. तो सॅक्सोफोन जॉर्ज मायकलने वाजवलेला नाही. तो स्टीव्ह ग्रेगरी नावाच्या वादकाने वाजवलाय. एवढी दुरुस्ती एका ओळीत छापलीत तरी माझं काम झालं. पत्र लांबलंय, जागेअभावी कापायचं झालं तर कुठूनही कापा, ग्रेगरीचं नाव तेवढं ठेवा.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, वडाळा डेपोला. 1982 ला लागलो, 2018 ला सुटलो. लग्नसराईत आणि गणपतीत, ड्युटी सुटल्यावर, एका वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोन वाजवायचो. वाद्य सेकंडहँड, धोबीतलावच्या एका गोवेकर अंकलकडून हप्त्याने घेतलेलं. पितळ काळवंडलेलं, दोन पॅड गळके. त्याला एफ शार्प या सगळ्यात वरच्या सुराची की, म्हणजे बोटाने दाबायची कळ, नव्हती. जुन्या वाद्यांना ती नसायचीच. लग्नाच्या हॉलमध्ये तो सूर लागतो कधी, असं म्हणून मी ते घेतलं.

साधारण 85 साल असेल. आमचे मास्तर एक कॅसेट घेऊन आले. तेव्हा दुकानात गाण्यांची यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर भरून मिळायची, तसली. बाजू बी, तिसरं गाणं, 'केअरलेस व्हिस्पर'. मास्तर म्हणाले, ''रिसेप्शनला इंग्लिश पीस मागतात हल्ली. हे बसव.'' मी घरी आणून आमच्या टेपरेकॉर्डरवर लावलं. चाळीतली खोली, रात्रीचे अकरा, तोंडावर उशी धरून सराव. सॅक्सोफोनच्या तोंडावर, माझ्या नव्हे. आठवड्याभरात ती ओळ बोटांत बसली. वरून घसरत खाली येते ना, ती. पहिलाच सूर सगळ्यात उंच, पण काही त्रास नाही. मला वाटलं, आपण तयार झालो.

मग दादरचा एक हॉल. नवरानवरी खुर्चीवर, व्हिडिओवाल्याचा भगभगीत दिवा तोंडावर, आइस्क्रीमच्या टेबलाशी गर्दी. कीबोर्डवाल्याने सुरुवात केली, मी फुंकर मारली आणि पहिलाच सूर चिरकला. बोका चिरडल्यासारखा. सगळ्यांनी आइस्क्रीम सोडून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा ओळ आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी वाजवलंच नाही, रुमालाने रीड पुसत बसलो. परतीच्या टेम्पोत मास्तर एवढंच म्हणाले, ''राहू दे. 'बहारों फूल बरसाओ'च बरं.''

भानगड काय झाली ते दोन दिवसांनी कळलं. आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा ढिला झाला होता. टेप हळू फिरायची, म्हणून गाणं अर्ध्या सुराने खाली ऐकू यायचं. पेटीच्या पांढरी दोन पट्टीतलं गाणं मी घरी अर्धा सूर खालच्या काळी एकमध्ये बसवलं होतं. तिथे माझ्या वाद्यावर वरचा सूर साधा एफ येतो, त्याला की आहे. कीबोर्डवाल्याने चांगल्या डेकवर ऐकून ते खऱ्या पट्टीत घेतलं, तिथे तोच सूर एफ शार्प होतो, आणि त्याला माझ्याकडे की नाही. खोटी बोटं, म्हणजे दुसऱ्याच कळांची जुळणी, धरून तो काढता येतो, पण त्याला ओठ तयार लागतात. माझे ओठ दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' करून थकलेले. पट्टा नवीन टाकला, आणि ते गाणं सोडून दिलं. वाद्य जुनं हे खरं, पण मनात धरून बसलो की कमी आपणच पडलो.

पुढचं सगळं मला निवृत्तीनंतर समजलं. स्टीव्ह ग्रेगरीने त्या रेकॉर्डिंगबद्दल जे सांगितलंय ते सुनेने मला मराठीत सांगितलं, आणि मी तिला दोनदा सांगायला लावलं. त्याचाही टेनर जुना होता. त्यालाही वरच्या एफ शार्पची की नव्हती. त्यानेही खोटी बोटं धरून तो सूर काढला आणि तो मनासारखा येईना. मग टेपचा वेग उतरवून गाणं अर्ध्या सुराने खाली आणलं, त्याने तिथे वाजवलं, आणि टेप पुन्हा मूळ वेगावर आणली. जगभर लोक चाळीस वर्षं जो सॅक्सोफोन ऐकून डोळे मिटतात तो असा, टेप हळू करून वाजवलेला आहे. म्हणून त्याचा आवाज जरासा वेगळा लागतो, ना धड टेनर ना धड त्याहून लहान, चढ्या आवाजाचा आल्टो. म्हणजे लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत जे मुद्दाम केलं, तेच नायगावच्या चाळीत एका ढिल्या पट्ट्याने फुकट करून दिलं होतं! फक्त पुन्हा वेग वाढवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

ग्रेगरीच्या आधी किती वादक येऊन गेले याचा आकडा कुणी नऊ सांगतं, कुणी अकरा. त्याही आधीची गोष्ट आहे. 1983 मध्ये हेच गाणं अमेरिकेत, अलाबामातल्या मसल शोल्सला, जेरी वेक्सलरसारख्या दिग्गज निर्मात्याच्या हाताखाली एकदा पूर्ण ध्वनिमुद्रित झालं होतं. तिथे लॉस एंजेलिसहून चांगला नावाजलेला सॅक्सोफोनवादक आणला. तासाभराचं काम. दोन तास झाले तरी ती ओळ जॉर्ज मायकलला हवी तशी येईना. त्याला हवी होती ती पहिल्या घरगुती टेपवर होती तशी. ती कुणी वाजवली होती? त्याच्या घराजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्याने, जो पबमध्ये हौसेखातर वाजवायचा. संपादक महाशय, हे ऐकून मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्यासारखा हौशी होता तो, आणि मोठमोठ्या धंदेवाईक वादकांना त्याची नक्कल जमेना.

वीस वर्षांच्या मुलाने वेक्सलरचं काम बाजूला ठेवून गाणं पुन्हा करायला घेणं, हा माझ्या मते माज नाही. डोक्यात जे वाजत होतं ते बाहेर येईपर्यंत तो थांबला. 1984 च्या जुलैत गाणं आलं तेव्हा निर्माता म्हणून त्याचंच नाव होतं. आपल्या पुरवणीने त्याला 'देखणा पॉपस्टार' म्हटलं, ते होताच. पण त्याची खरी कमाई स्टुडिओत होती, आणि त्याबद्दल अर्ध्या पानात एक अक्षर नाही.

'लास्ट ख्रिसमस'चंच घ्या, जे डिसेंबर लागला की मॉलमध्ये भाजी घेतानाही कानावर पडतं. ते ध्वनिमुद्रित झालं 1984 च्या ऑगस्टमध्ये. स्टुडिओत नाताळची सजावट करून ठेवली होती म्हणे. (आपल्याकडे गणपतीच्या कॅसेटी भर उन्हाळ्यात व्हायच्या, तसंच.) गाण्यातलं सगळं त्याने एकट्याने केलं. लिनड्रम या ठेक्याच्या यंत्रावर ठेका, ज्युनो-60 सिंथवर सूर, बर्फगाडीचे घुंगरूसुद्धा स्वतः हलवले. कीबोर्ड त्याला रीतसर येत नव्हता, चार बोटांनी शोधत शोधत वाजवला. बरोबर माणसं किती, तर ख्रिस पोर्टर हा रेकॉर्डिस्ट आणि दोन मदतनीस. त्या नाताळात इथिओपियाच्या दुष्काळासाठी बऱ्याच गायकांनी मिळून काढलेलं बँड एडचं गाणं ब्रिटनमध्ये पहिलं राहिलं आणि हे दुसरं. बँड एडच्या गाण्यातही तो गायला होताच, आणि 'लास्ट ख्रिसमस'चं मानधनही त्याने त्याच दुष्काळासाठी देऊन टाकलं. हे गाणं तिथे पहिल्या नंबरवर गेलं ते 2021 च्या जानेवारीत. तोवर तो जाऊन चार वर्षं झाली होती.

गाताना तर तो एकेक ओळ, कधी एकेक शब्द पुन्हा पुन्हा गाऊन टेपमध्ये बसवायचा. स्टुडिओत याला पंच म्हणतात. मी छत्तीस वर्षं दुसरा पंच वाजवला, तिकिटाचा, म्हणून मला या शब्दाचं हसू येतं. आमच्या मुंबईची रीत वेगळी होती. ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत सगळा ताफा एकत्र बसायचा, एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. हिंदी सिनेमातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग तशा गर्दीत वाजवून गेले. 2010 साली ते वारले तोवर त्यांचा सॅक्सोफोन घराघरात पोचला होता, पण नाव माहीत असलेले थोडे, कारण रेकॉर्डच्या पाकिटावर वादकांची नावं टाकायची पद्धतच नव्हती. म्हणूनच ग्रेगरीच्या बाबतीत मी एवढा हटून बसलोय. तिकडे नाव नोंदलेलं आहे, तेही आपण पुसायचं?

आणखी एक, जे मला कुणालातरी सांगायचंच होतं. 'केअरलेस व्हिस्पर'ची सुरावट सुचली तेव्हा जॉर्ज मायकल सतरा वर्षांचा होता. एका हॉटेलात रेकॉर्डी लावायच्या कामावर जायला बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या हातात भाड्याचे पैसे देता देता सॅक्सोफोनची ती ओळ डोक्यात आली, असं त्यानेच सांगून ठेवलंय. पैसे ड्रायव्हरच घेत होता म्हणून बरं. माझ्यासारखा कंडक्टर असता तर 'सुटे द्या, पुढे चला' ऐकून ती ओळ तिथेच मेली असती. छत्तीस वर्षांत मी किती जणांच्या ओळी अशा मारल्या असतील, देव जाणे. पुढे तो आणि त्याचा मित्र अँड्र्यू रिजली, दोघांनी वीस पौंड भाड्याने चार ट्रॅकचं ध्वनिमुद्रण यंत्र आणलं आणि रिजलीच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात, केरसुणीच्या दांड्याला माइक बांधून गाणी भरली. गाण्यावर गीतकार-संगीतकार म्हणून दोघांची नावं आहेत. त्याला स्वतःला मात्र हे गाणं फार थोर वाटत नसे. कोवळ्या वयात सहज खरडलेले शब्द लोकांना इतके जवळचे वाटावेत, याचं त्याला पुढे वाईटच वाटायचं.

आम्ही तिघेचौघे 25 डिसेंबरला संध्याकाळी फाइव्ह गार्डनच्या बाकावर जमतो. एक बँकेतून निवृत्त, ते जॉर्ज मायकलच्या 1996 च्या 'ओल्डर' अल्बमशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्यातलं 'जीझस टु अ चाइल्ड' त्याने आपल्या दिवंगत जोडीदारासाठी लिहिलं आणि त्याचं उत्पन्न गाजावाजा न करता मुलांच्या हेल्पलाइनला दिलं, हे त्यांच्याकडूनच मला कळलं. मला तो अल्बम जरा झोपाळू वाटतो. यावरून आमचं दरवर्षी भांडण. दुसरे आमच्याच डेपोचे ड्रायव्हर. त्यांना इंग्रजी गाण्यात रस शून्य, ते भेळेसाठी येतात आणि सॅक्सोफोनला 'तुझं पों पों' म्हणतात. लंडनच्या हायगेटला जॉर्ज मायकलच्या घरासमोरच्या बागेत चाहते फुलं, मेणबत्त्या, पत्रं ठेवायचे, इतकी की शेवटी घरच्यांनीच पुरे करा अशी विनंती केली. आमच्याकडे तसलं काही नाही. एक मोबाइल आणि सुक्या भेळेचे चार पुडे.

यंदा मी वाद्य घेऊन गेलो होतो. सुनेने मोबाइलवर गाण्याची चाल अर्ध्या सुराने उतरवून दिली, दोन बटणांचं काम. अंधार पडल्यावर वाजवलं. पहिला सूर साधा एफ, की दाबली आणि आला, गोल, न चिरकता. ओळ घसरत खाली आली. ड्रायव्हरसाहेबांचा हात भेळेच्या पुड्यातच थांबला. तीन वेळा वाजवलं, मग वॉचमन आला, काका बस करा म्हणाला.

तर दुरुस्ती छापावी ही विनंती. 'स्टीव्ह'मधला व्ह जोडाक्षर आहे आणि 'ग्रेगरी'ची शेवटची वेलांटी दीर्घ, हे कृपया मुद्रितशोधकांना सांगावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बसवाहक, नायगाव, मुंबई