जंतुनाशक साबणात रसायन किती, हे वेष्टनावर छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साबणाच्या वेष्टनावर '99.9 टक्के जंतूंचा नाश' ही ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते. मात्र हा नाश ज्या रसायनाच्या भरवशावर होणार, ते वडीत किती टक्के आहे, हे त्याच वेष्टनावर कुठेही सापडत नाही. यात नियमभंग होतो असे नाही. 'सौंदर्यप्रसाधन नियम, 2020' प्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात आणि त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यामागे कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात. ट्रायक्लोसानसारखे जंतुनाशक घटक बहुधा एक टक्क्याच्या आत असल्यामुळे ते रंग आणि सुगंधी द्रव्यांच्या रांगेत जाऊन बसतात. साबणाचे टीएफएम, म्हणजे त्यातील एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण, आपण वेष्टनावर वाचतो. मग हा आकडा का वाचता येऊ नये?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2016 मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन यांच्यासह 19 घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढून टाकण्याचा आदेश दिला, कारण हे साबण रोजच्या वापरात सुरक्षित आहेत आणि साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला आणि 2005 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्याला फार जवळचा आहे. हात धुण्याची सवय लावलेल्या घरांत पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनिया निम्म्यावर आला. पण साधा साबण दिलेली घरे आणि 1.2 टक्के ट्रायक्लोकार्बनयुक्त साबण दिलेली घरे यांच्यात फरक आढळला नाही. मुलांना वाचवले ते हात धुण्याने, आणि ते श्रेय साध्या साबणालाही तेवढेच मिळाले पाहिजे.

अर्थात, प्रमाण कमी असले म्हणजे चिंता नाही, असेही येथे म्हणता येत नाही. ट्रायक्लोसान अल्प मात्रेत जिवाणूंच्या स्निग्धाम्ले तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषधही क्षयजंतूमधील याच जातीच्या विकरावर काम करते. मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्यात हे रसायन विरळ होत जाते आणि ते पचवून तगून राहणाऱ्या जंतूंना वाव मिळू शकतो. क्षयरोगाचा एवढा मोठा भार वाहणाऱ्या देशात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

नोकरीची बरीच वर्षे विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे मोजमापाविषयी थोडे सविस्तर लिहितो. वडीच्या पृष्ठभागावरचा कीस घेऊन भागत नाही. वडी उभी-आडवी कापून आतला-बाहेरचा भाग एकत्र किसावा लागतो. तो कीस मिथेनॉलमध्ये विरघळवून, गाळून एचपीएलसी यंत्रात, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात सोडला, की ट्रायक्लोसानचे शिखर आलेखावर वेगळे उमटते आणि ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून त्याची टक्केवारी काढता येते. साबण आम्लारिधर्मी असल्याने त्यात ट्रायक्लोसानचे बरेचसे रेणू आयनरूपात असतात. म्हणून नमुना आधी आम्लयुक्त करून घ्यावा लागतो, नाहीतर शिखर पसरते आणि आकडा फसवा येतो. ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळून ती पूर्ण हाती लागते का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्षावर सही करू नये. चांदी हा घटक असेल तर या पद्धतीचा उपयोग नाही. त्यासाठी धातू मोजणारे निराळे यंत्र लागते.

दुसरी अडचण पाण्याची. समजा, 100 ग्रॅमच्या ताज्या वडीत 0.30 ग्रॅम ट्रायक्लोसान आहे, म्हणजे 0.30 टक्के. दुकानाच्या फळीवर पडून तिच्यातील 8 ग्रॅम पाणी उडून गेले, तर तेच 0.30 ग्रॅम आता 92 ग्रॅममध्ये आहे आणि प्रमाण 0.33 टक्क्यांच्या घरात जाते. वरून काहीही न मिसळता आकडा वाढतो! त्यामुळे ओलावा मोजून, कोरड्या वजनावर प्रमाण सांगितले नाही, तर प्रामाणिक उत्पादकावर नाहक ठपका येईल आणि लबाड उत्पादकाला पळवाट मिळेल.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. औषधी गोळ्यांची तपासणी ज्या यंत्रांवर रोज होते, तीच यंत्रे येथे चालतात. प्रमाण छापण्याची सक्ती करणे केंद्राच्या हातात आहे आणि ती करण्यास पूर्वाधारही आहे: हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक रसायन असलेल्या साबणांसाठी आपल्या नियमांनी एक टक्क्याची मर्यादा घातली आणि 'लहान बाळांसाठी वापरू नये' ही सूचना वेष्टनावर ठळकपणे छापायला लावली. तोच न्याय ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन, क्लोरोझायलेनॉल आणि बेन्झाल्कोनियम क्लोराईड यांना लावावा. दरम्यान राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातून साबणाचे नमुने उचलून आपल्या प्रयोगशाळांत तपासावेत आणि घटकाचे नाव, कोरड्या वजनावरील प्रमाण व तपासणीची पद्धत यांसह निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त रसायन विश्लेषक, अंबरनाथ