काकी, त्या ओल्या चिंधीसाठी

काकी, नमस्कार.

कोळ्याच्या नव्या जातीवरचा शोधनिबंध स्वीकारल्याचं कळलं तेव्हा पहिला फोन तुम्हालाच लावला होता. तीनदा लावला, पण घाटाखाली रेंज येईल तर ना. निबंधाच्या शेवटी तुमच्या नावाने आभाराच्या दोन ओळी आहेत, त्याही इंग्रजीत. नातीकडून वाचून घेता येईल असं काहीतरी तुमच्या हातात पडावं, आणि इतरांनीही ते वाचावं, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, दगडी गडग्यातला तो काळपट कोळी इंडोथेली वंशातला आहे. हा वंश फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. कोळ्यांचे अभ्यासक फ्रेडरिक कॉयल यांनी 1995 साली तो वेगळा काढला तेव्हा त्यात चार जाती होत्या. आपली त्या चारांत बसत नाही. नाव मात्र निबंध छापून येईपर्यंत मला कुणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही, त्याबद्दल रागावू नका. आणि शेजारच्या सुनेला सांगा, व्हॉट्सॲपवर फिरतो तो सिडनीचा विषारी कोळी हा नव्हे. जाळं तसंच नरसाळ्यासारखं असलं तरी त्याचं कुळच वेगळं, आणि तो आपल्याकडे नाही.

या कोळ्यांची माझी ओढ जुनी. पावसाळ्यात सकाळी दव पडलं की जांभ्या दगडांवर पांढरी चादर पसरल्यासारखी दिसते, मागे ती निमुळती होत फटीत शिरते, आणि नळीच्या तोंडाशी पुढचे पाय टेकून मादी बसलेली असते. जाळं चिकट नसतंच. वर किडा पडला की धागे थरथरतात आणि ती झेप घेते. माद्या मला पुष्कळ भेटल्या. पण जात नवी आहे हे ठामपणे सांगायला नर हवा. त्याच्या तोंडाजवळ आखूड पायांसारखे दोन अवयव असतात, त्यांच्या टोकाला थेंबाएवढी गाठ, आणि त्या गाठीचं बारीक टोक जातीजातीत वेगळं. नर वयात आला की जाळं सोडून रात्री मादीच्या शोधात हिंडतो. तो दिसला तर दिसला.

मला एक दिसला होता, 2021च्या पावसात. अल्कोहोलच्या बाटलीत घालून, चिठ्ठी लावून मी तो एका मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञांकडे दिला. नाव घेत नाही. "बघतो," म्हणाले. मी सहा महिने थांबले, मग आठवण केली. मग पुन्हा केली. एकदा उत्तर आलं की असले काळे कोळी घाटात ढिगाने आहेत. दोन वर्षांनी मी स्वतः जाऊन बाटली परत मागितली, तर झाकणाला चीर पडलेली आणि आत टिपूसही नाही. चिमटा लावला आणि पाय एकेक करून गळाले. त्या गाठीचा भुगा झाला होता. समोरच्या माणसाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्यात म्हादईच्या जंगलात वणवे पेटले आणि ज्या उतारावर मी जाळी मोजत असे तो काळा पडला. मी हे काम सोडल्यातच जमा होते, काकी. तुम्हाला कधी बोलले नाही.

आणि 2024ची चतुर्थी. आदल्या रात्री तुमच्या घरात मुंबईची, बेळगावची माणसं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची घाई, आणि पडवीत तो नर आला. कुणीही चप्पल मारली असती. तुम्ही त्याच्यावर स्टीलची वाटी पालथी घातलीत, मुलांनी हलवू नये म्हणून वर वरवंटा ठेवलात, आणि नातवाला स्कूटरवरून रेंज मिळेल तिथपर्यंत पिटाळलंत. पावसात, रात्री साडेदहाला. सकाळी मी पोचले तर सगळं घर त्या वाटीला वळसा घालून ये-जा करत होतं. पाटावर गणपती बसायचा होता आणि मोदकांचं सारण चुलीवर होतं, तरी तुम्ही हात पुसत बाहेर आलात.

वरवंटा उचलायला वाकले तेव्हा वाटीच्या कडेला सगळीकडून लावलेली चिंधी दिसली. जुन्या लुगड्याची, भिजवून घट्ट पिळलेली, एका बाजूला बोटभर फट ठेवून. मी विचारलं, ही कशाला? तुम्ही म्हणालात, "गडग्यात तो ओल धरूनच असतो. चैतात पाट आटला की जाळी पोफळीच्या सावलीकडे सरकतात, तू बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं, काकी. मी दव पडल्यावर यायचे आणि ऊन तापलं की निघून जायचे. वाटी उचलली तर नर पाय आखडून बसला होता, पण जिवंत. मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसून रडले, तुम्हाला वाटलं मला कोळी चावला. त्याच नरावर आमचं वर्णन उभं आहे. कोरडी बाटली आणि ओली चिंधी, दोन्ही मी माझ्या हातांनी धरलेली आहेत, म्हणून हा फरक मला कुणी समजावून सांगायला नको.

लंडनच्या संग्रहालयातल्या पोकॉकनी 1900 साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मध्ये आपल्याकडचे कोळी लिहून काढले. ते पुस्तक उघडल्याशिवाय आजही आमचं पान हलत नाही. जातीपुढे वर्णन करणाऱ्याचं नाव कायमचं लागतं. दगड कुणी उचलला हे कागदावर क्वचितच येतं. जगातल्या कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी 2022 साली पन्नास हजारांचा आकडा ओलांडला, आणि त्यातल्या कितींमागे अशी एखादी पडवी, एखादी वाटी असेल, असं मला हल्ली सारखं वाटतं. तुमचा नातू भिजत गेला, पेट्रोलचे पैसेही त्याने घेतले नाहीत. मुंबईच्या पाहुण्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्या बाटलीनंतर माणसांवरचा माझा विश्वास बराच उडाला होता. तो त्या पडवीत परत आला.

पावसाने पडलेला गडगा मे महिन्यात बांधून घ्यायचा आहे, असं तुम्ही म्हणत होता. गड्यांना सांगण्याआधी मला कळवा. दोन दिवस रजा टाकून येते. तेवढ्या भागातले दगड मीच एकेक करून उचलते.

तुमची,
वाळपईची मास्तरीण