‘घेऊन जा’ हा फोन थांबवता येईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की आमच्या भागात दिव्यांग मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यात खटके उडायला लागतात. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझा मुलगा स्वमग्न आहे आणि गावातल्याच प्राथमिक शाळेत चौथीत शिकतो. अशा मुलासाठी शाळेत कोण काय करणार, हे जूनमध्येच एकत्र बसून कागदावर उतरवले तर बरीचशी भांडणे उभीच राहणार नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीच्या ऐन गडबडीत शाळेतून फोन यायचे, “आवरत नाही, घेऊन जा.” टाकीत कालवलेले औषध तसेच टाकून मी शाळा गाठायचो. बाईंकडे दोन वर्ग एकत्र, एक पोर रडत दाराकडे पळतेय आणि बाकीची बघत बसलीत. त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. “याला विशेष शाळेत घाला,” असे त्या म्हणाल्या त्या दिवसापासून माझ्या पत्नीने त्यांच्याशी बोलणेच टाकले. विशेष शाळा मिरज-सांगलीला. एवढ्या लहान पोराला रोज एसटीने कोणी न्यायचे? शिवाय जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आणि घरच्यांची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ ने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत तो हक्क दिला आहे.

कोंडी फोडली ती पंचायत समितीकडून येणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकांनी. त्यांनी सगळ्यांना रिकाम्या वर्गात बसवले आणि कोण चुकले ते न विचारता एवढेच विचारले, “तो नेमका कधी बिथरतो?” बाई म्हणाल्या, खिचडीच्या सुट्टीच्या तोंडावर. पत्नी लगेच म्हणाली, घरी ताट पडले तरी तो कान झाकून घेतो. पोषण आहाराची स्टीलची ताटे व्हरांड्यात फरशीवर मांडतात, त्याचा खणखणाट त्याला सोसत नव्हता. वर्गात काय घडते ते बाईंना माहीत होते, घरी काय घडते ते आम्हाला, आणि दोन्ही एकत्र ठेवायला कोणी बसलेच नव्हते.

मग तिथेच कागदावर ठरले. ताटे मांडण्याआधी तो एका मित्राबरोबर मागच्या नळावर हात धुवायला जाईल आणि जेवण वर्गातच करेल. बिथरला तर आधी शांत कोपऱ्यात बसवायचे. फोन करावाच लागला तर का, ते वहीत लिहायचे. ती वही रोज दप्तरातून घरी येते; रात्री झोप झाली नसेल, औषध बदलले असेल तर पत्नी त्यात लिहिते. फोन पूर्ण बंद झाले असे नाही, पण आता बाई काय घडले ते सविस्तर सांगतात आणि आम्हीही नीट ऐकतो.

याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. तो फाइलमध्ये राहतो आणि पालकांना बघायलाही मिळत नाही, असे होऊ नये. त्याची प्रत घरी हवी. त्यात “प्रगती आवश्यक” असले मोघम न लिहिता “दिवाळीपर्यंत स्वतःचे दप्तर स्वतः भरेल” असे लिहावे, म्हणजे दिवाळीनंतर बसून बघता येते.

विशेष शिक्षकांची वानवा हे भांडणाचे मोठे मूळ आहे आणि त्याचा राग वर्गशिक्षकावर निघतो. प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. ही पदे भरणे काही बाईंच्या हातात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन समितीने ठराव करावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी लावून धरावी.

एवढे करूनही शाळा दाद देत नसेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. या वाटेने जरूर जावे. पण शिक्षकाचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकू नये. दुसऱ्या दिवशी आपल्याच पोराला त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसायचे असते.

सांगली जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला विनंती आहे, की प्रत्येक दिव्यांग मुलासाठी जूनअखेर अशी बैठक सक्तीची करावी. विशेष शिक्षक त्या शाळेत असतील तीच तारीख धरावी, ती पालकांना आठवडाभर आधी कळवावी आणि वेळ शाळा भरण्यापूर्वीची ठेवावी, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या आयांचा रोज बुडणार नाही.

आपला,
एक पालक, ता. तासगाव, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)