अणूचे चित्र आणि त्यामागचा पुरावा

महोदय,

नाशिकमधील शालेय विज्ञान प्रदर्शनांत अणूचे प्रारूप म्हणजे मधोमध एक गोळा आणि तारेच्या कड्यांवर ओवलेले मणी, असेच बहुधा मांडलेले असते. ही मांडणी नील्स बोर यांच्या १९१३ च्या प्रारूपाची आहे. इलेक्ट्रॉनला अशी ठरावीक वाट नसते, तो कोठे असेल याची केवळ संभाव्यता सांगता येते, हे १९२६ नंतर स्पष्ट झाले. परंतु जुन्या चित्रापेक्षा मला अधिक खटकते ते पुराव्याविषयीचे मौन.

१९०९ मध्ये मँचेस्टर येथे हान्स गायगर आणि अवघा २० वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन काळोख्या खोलीत, डोळे अंधाराला सरावल्यावर, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थांतून वेगाने निघणारे धनप्रभारित कण) आदळून उमटणारे प्रकाशाचे ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजत असत. सोन्याच्या वर्खातून बहुतेक कण सरळ पार जात, पण मोजके चक्क मागे फिरत. धनप्रभार अणूभर पसरलेला आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांचे मत खरे असते, तर असे घडणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच १९११ मध्ये या दोघांचे मार्गदर्शक अर्नेस्ट रदरफर्ड यांनी निष्कर्ष काढला की, अणूचे बहुतांश वस्तुमान त्याच्या व्यासाच्या सुमारे दहा हजारांश आकाराच्या केंद्रात एकवटलेले असले पाहिजे.

प्रदर्शनांच्या परीक्षकांनी मुलांना ‘हे कशावरून कळले?’ असे आवर्जून विचारावे आणि त्या उत्तराला सजावटीपेक्षा अधिक गुण द्यावेत, ही कळकळीची विनंती.

— एक विज्ञान शिक्षिका, नाशिक