काकू, तुम्ही आम्हाला तगवलंत

काकू, साष्टांग नमस्कार.

समोर बोलायला गेलं की तुम्ही "आगं, त्यात काय" म्हणत चहा ठेवायला उठता. म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

नाना अंथरुणाला खिळले आणि मंगळवेढ्याच्या शिवारातलं ५ एकर काळं रान माझ्या अंगावर पडलं. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती नुसत्या साठलेल्या ओलीवर येते, असं मी पुण्यात अभिमानानं सांगायचे. पण परतीच्या पावसानं पाठ फिरवली. डिसेंबरात भर दुपारी बघते तर मालदांडी ज्वारीच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या. पीक गेलं म्हणून बांधावरच रडले. तुम्ही आलात, एक पान बोटांत धरलंत. "वाळली न्हाई ती. तगलीय. सकाळी येऊन बघ."

सकाळी दंवात तीच पानं उलगडून उभी होती.

तगणं म्हणजे कसंबसं टिकणं, एवढंच मला ठाऊक होतं. पण टिकतं लोणचं, टिकतो रंग. तगायला जीव लागतो आणि वर संकटही. पाटाच्या पाण्यातल्या उसाला कुणी 'तगला' म्हणत नाही. मी तोवर नुसती रेटत होते, दात-ओठ खाऊन. ज्वारी तसं करत नाही. उन्हात पानं मिटते, वाढ आवरते, ओल राखते.

मात्र रान उललं की भेगांतून ओल उडते, मुळं तुटतात. पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवून भेगा बुजवायच्या, हे मला कुठलं माहीत! तुम्ही स्वतःची बैलं जुंपलीत. दोन दिवस कोळप्यामागं मातीचा तो मऊ खरखर आवाज ऐकत चालले, आणि पहिल्यांदा छाती हलकी झाली. पैशाचं विचारलं, तर म्हणालात, "१९७२ च्या दुष्काळात आईनं आमाला सुकडीवर तगवलं. तवा कुणी हिशेब ठेवला?"

तगणं आणि तगवणं. त्या एका 'व'मध्ये दुसरं माणूस येतं. आमच्या घरात त्या 'व'च्या जागी तुम्ही आलात, काकू.

नाना आता भिंतीला टेकून बसतात. हुरड्याची पहिली वाटी त्यांना भरवली. कडब्याच्या शंभर पेंढ्या तुमच्या बैलांसाठी वेगळ्या रचल्यात. नको म्हणू नका.

तुमचीच,
शेजारच्या रानातली पोर